इंटर्नचं दुपारचं जेवण: सेट मेन्यू की डिलिव्हरी ॲप?

दोन-तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी ऑफिसजवळच्या हॉटेलातला दुपारचा सेट मेन्यू, म्हणजे ठरलेल्या दरातलं ठराविक पदार्थांचं ताट, डिलिव्हरी ॲपपेक्षा नक्कीच सरस. पदार्थ मोजके आणि आधीच तयार, म्हणून ताट पटकन येतं. हा दर बहुधा कामाच्या दिवशी दुपारपुरताच असतो. रात्री तेच जेवण महाग पडतं. गर्दीच्या अर्धा तास आधी जा. उशिरा गेलात तर चांगलं संपलेलं आणि उरलेलं सतत गरम ठेवल्याने सुकलेलं.

ॲपवर पदार्थाची किंमत नव्हे, शेवटचा आकडा बघा. मुळातच चढ्या दरावर पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म शुल्क आणि कर लागतात, नि एकट्याच्या ऑर्डरमध्ये सगळा भार एका ताटावर. तिघा-चौघांत मागवलं तरच परवडतं. मोफत डिलिव्हरीची किमान रक्कम गाठायला जास्तीचा पदार्थ घेणं म्हणजे शुद्ध तोटा. तळलेलं मागवूच नका, बंद डब्यात वाफ कोंडून ते मऊ पडतं. उरलेलं 2 तासांत फ्रिजमध्ये ठेवा. बाहेरचं तापमान 32 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर तासाभरात.

ॲपचं सदस्यत्व घ्यायचंच तर एका महिन्याचं घ्या आणि आपोआप होणारं नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा.