३.७ किलोवॅट, ४ पोल, आयई-३ थ्री-फेज मोटर: घेण्याआधी आरपीएम पाहा

पाच एचपीच्या वर्गातली, आयई-३ या कार्यक्षमतेच्या दर्जाची ही मोटर: ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, फ्रेम (बांधणीचा ठराविक आकार) ११२एम, शाफ्ट २८ मिमी, धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपी-५५. त्याच फ्रेमची जुनी मोटर काढून बसवली तर पायाचे बोल्ट जागच्या जागी बसतात, त्यामुळे बदल सोपा वाटतो. तरी नेमप्लेटवरचा १४५५ आरपीएम (मिनिटाला फेरे) हा आकडा आधी पाहावा.

स्टेटरच्या (मोटरच्या स्थिर भागाच्या) तीन वाइंडिंगमधले प्रवाह एकमेकांच्या १२० अंश मागे असतात. त्यांच्यामुळे १५०० आरपीएमने फिरणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. आत फिरणाऱ्या रोटरला बाहेरून वीज दिलेलीच नसते. तो क्षेत्राच्या मागे पडतो म्हणूनच त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांत प्रवाह वाहतो आणि टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो. १५०० गाठले तर टॉर्क शून्य. इथे स्लिप, म्हणजे रोटरचे हे मागे पडणे, फक्त ३ टक्के आहे. रोटरकडे पोचलेल्या शक्तीपैकी स्लिपइतकाच वाटा दांड्यांत उष्णता होऊन जातो, म्हणून १४२५ आरपीएमच्या जुन्या मोटरपेक्षा ही थंड चालते. फार चांगली गोष्ट आहे ही.

मात्र सेंट्रिफ्यूगल पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. १४२५ वरून १४५५ वर गेले की पंप सुमारे ६ टक्के जास्त शक्ती ओढतो. जास्तीचे पाणी नको असेल तर इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या चाकाचा) व्यास थोडा कमी करून घ्यावा, नाहीतर वाढलेल्या कार्यक्षमतेचा फायदा बिलात दिसणार नाही.

फुल लोडला करंट साधारण ७.२ अँपिअर, सुरू होताना सात पट किंवा त्याहूनही जास्त. जुना ब्रेकर यावर उगाच ट्रिप होऊ शकतो. वाइंडिंग आधी स्टारमध्ये आणि मग डेल्टामध्ये जोडणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरने सुरुवातीचा लाइन करंट एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही एक तृतीयांशच उरतो: ब्लोअरला पुरतो, भरलेल्या कन्व्हेयरला नाही. व्होल्टेज १० टक्के कमी असेल तर त्यातलाही १९ टक्के जातो.

टर्मिनल बॉक्स अरुंद आहे, ही माझी खरी तक्रार. जाड केबलचे लग्ज (तारेच्या टोकाचे धातूचे जोड) नीट बसत नाहीत, ढिले राहतात, तापतात आणि एक फेज उडतो. चालती मोटर थांबत नाही; उरलेल्या दोन तारांत करंट सुमारे १.७ पट होतो आणि वाइंडिंग जळते. थांबलेली असेल तर नुसती गुणगुणते. म्हणून फेज गेल्यावर ट्रिप होणारा ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) घ्यावा आणि ७.२ अँपिअरवरच ठेवावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तो वाइंडिंगच्या तारांवर असेल तर ४.२ वर.

स्टार्टर जोडताना डेल्टाच्या तिन्ही पट्ट्या (यू१-डब्ल्यू२, व्ही१-यू२, डब्ल्यू१-व्ही२) काढायलाच हव्यात. राहिल्या तर स्टार कॉन्टॅक्टर (स्टारची जोडणी करणारा स्विच) लागताच तिन्ही फेज शॉर्ट होतात. दिशा उलटी निघाली तर येणाऱ्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल पुरते.

व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) दीर्घकाळ कमी वेगाने चालवायची असेल तर ही मोटर आहे तशी घेऊ नये. पंखा शाफ्टवरच असल्याने वेग कमी झाला की हवाही कमी होते, लोड मात्र तितकाच राहू शकतो. अशा कामाला वेगळ्या मोटरवर चालणारा पंखा आणि वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान ओळखणारे सेन्सर) ऑर्डर देतानाच मागून घ्यावेत.