ऑक्टोबर ते मे, अकरा डाइव्ह आणि केसमधलं धुकं

ऑक्टोबरात अ‍ॅक्शन कॅमेऱ्यासाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची (कडक प्लास्टिकची) डाइव्ह केस, म्हणजे पाण्याखाली न्यायची बंद डबी, घेतली. मे अखेरपर्यंत मालवणच्या सहा फेऱ्या, अकरा डाइव्ह. पाणी आत एकदाही आलं नाही. धुकं मात्र पहिल्या चारही डाइव्हना आलं.

पहिल्याच दिवशी समोर माशांचा थवा आणि चित्रात थंडीतला पहाटेचा रंकाळा! केस गळते म्हणून दुकानदाराकडे गेलो, त्यानं नवी ओ-रिंग (झाकणाची पाणी अडवणारी रबरी कडी) गळ्यात मारली. दोष रिंगचा नव्हताच. मी बोटीवर बॅटरी बदलत होतो, म्हणजे तिथली दमट हवाच केसमध्ये कोंडत होतो. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दव २६ अंशांनाच धरायला लागतं. मालवणचं पाणी कधी कधी तेवढं गार असतंच. पॉलिकार्बोनेट गारवा आत यायला वेळ लावतं, लेन्ससमोरची काच लवकर गार पडते, म्हणून दव नेमकं काचेवर.

बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून बघितल्या. त्या आधीच ओल पिऊन बसलेल्या. मग रंग बदलणारे नारिंगी दाणे आणले. हिरवट झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायचे. भाकरीच्या तव्यावर नको, आणि आच वाढवू नका. माझी एक मूठ करपली. मास्कला लावतात तसा शाम्पू काचेला आतून लावला, तर चित्रात नुसते ओघळ.

खरा उतारा फुकटचा निघाला: केस कोल्हापुरातच बंद करायची. जानेवारीतल्या दुपारी घरात ३० अंश आणि ३० टक्के आर्द्रता असली, तर त्या हवेचं दव १० अंशांच्या आसपास. मित्र म्हणाला, "भावा, कोल्हापूरची हवा डब्यात भरून गगनबावडा उतरतोयस व्हय!" हसू दे. दुसऱ्या दिवसासाठी लॉजच्या खोलीत तासभर एसी लावून, दारं-खिडक्या बंद ठेवून, तिथंच बॅटरी बदलायची. बोटीवर केस ओल्या टॉवेलखाली, सावलीत.

नंतरच्या सातपैकी सहा डाइव्ह लख्ख. मेमध्ये एकदा बोटीवर कार्ड बदलायला केस उघडली, लगेच कोपऱ्यात चंद्रकोर उमटली.

केसला पाचपैकी चार. एक कापला तो बटणासाठी. खाली गेल्यावर दाबलेलं बटण वरच येत नाही, शूटिंग थांबत नाही. शेवटच्या डाइव्हचं बारा मिनिटं नुसत्या वाळूचं चित्रण आलंय, पण दाणा न् दाणा दिसतोय.