काट्यावरचा जुना प्रोग्राम आणि क्यूटी लोकेशनचा नकाशा

लातूर-बीड पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. वजनकाट्याचा आकडा सिरीयल पोर्टवरून उचलायचा, चिटबॉयने (शेतावर ऊसतोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस) दिलेली स्लिप काट्याच्या पावतीशी जुळवायची, ऊसतोड टोळी आणि वाहतूकदारांचा हिशेब ठेवायचा. हे सगळं सी प्लस प्लसमध्ये, क्यूटी हा प्रोग्राम आणि त्याच्या खिडक्या बांधायचा संच वापरून लिहिलेलं आहे आणि ऐन हंगामात त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. शेतकी खात्याच्या साहेबांना मात्र नकाशा हवा होता. कुठल्या गटात कुठली टोळी तोडतेय, भरलेले ट्रॅक्टर कुठवर आलेत, रात्री काट्यापुढे रांग किती लागणार, हे एका पडद्यावर दिसायला पाहिजे.

सोपा मार्ग म्हणजे खिडकीत ब्राउझर बसवून त्यात लीफलेट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा नकाशा उघडायचा. पण त्यासाठी क्यूटीचं वेबइंजिन, म्हणजे अख्खं क्रोमियम, काट्याच्या खोलीतल्या जुन्या पीसीवर चढवावं लागतं. शिवाय सी प्लस प्लस आणि पानातलं जावास्क्रिप्ट यांच्यात निरोप्या म्हणून वेबचॅनल आलं. म्हणून क्यूटी लोकेशन, म्हणजे क्यूटीचंच नकाशा दाखवणारं मॉड्यूल घेतलं, सहाव्या आवृत्तीतलं. क्यूटी ६ डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा हे मॉड्यूल त्यात नव्हतं. एप्रिल २०२३ च्या ६.५ मध्ये ते परतलं. त्यामुळे नेटवर सापडणारी निम्मी उदाहरणं पाचव्या आवृत्तीची असतात आणि जशीच्या तशी चालत नाहीत. ठळक फरक सांगतो. आधी नकाशा बोटाने सरकवायची सोय मॅप या घटकातच होती. आता ती मॅपव्ह्यू नावाच्या वेगळ्या घटकात आहे. नुसता मॅप घेतलात तर तो भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा गप्प बसतो.

आता मुख्य मुद्दा, कम्पाइल केलेला कोड आणि क्यूएमएलमधला (पडद्यावर काय दिसावं ते लिहायची क्यूटीची भाषा) नकाशा यांची गाठ. इथे हे मॉड्यूल खरोखर अव्वल आहे. क्यूएमएलमध्ये काय दिसायला हवं तेवढं लिहायचं. कधी काढायचं, कधी पुसायचं, हे सांगायचं नाही. मी सी प्लस प्लसमध्ये वाहनांची यादी ठेवणारं एक मॉडेल लिहिलं. प्रत्येक ओळीत ट्रॅक्टरचा नंबर, टोळीच्या मुकादमाचं नाव, भरलेला की रिकामा, आणि जागा. जागेसाठी क्यूजिओकोऑर्डिनेट हा तयार प्रकार आहे. तो मॉडेलमधून तसाच बाहेर दिला की क्यूएमएलला कळतो, मध्ये काही तोडजोड लागत नाही. पलीकडे मॅपआयटमव्ह्यूला हे मॉडेल द्यायचं आणि एका वाहनाचं चित्र कसं दिसावं ते एकदाच लिहायचं. ट्रॅक्टर हलला की मॉडेल फक्त 'या ओळीची जागा बदलली' असा सिग्नल सोडतं आणि नेमकं तेवढंच चित्र सरकतं. काट्याच्या मूळ कोडमधली एक ओळही त्यासाठी बदलावी लागली नाही.

दर खेपेला अख्खं मॉडेल रीसेट करायचा आळस मात्र करू नका. सगळी चित्रं मोडून पुन्हा बांधली जातात आणि जुन्या पीसीवर ते डोळ्यांना दिसतं. जीपीएसचा डेटा वेगळ्या थ्रेडवर येत असेल तर तिथून थेट मॉडेलला हात लावायचा नाही. सिग्नलने मुख्य थ्रेडकडे पाठवायचं, क्यूटी तो रांगेत लावून पोचवतं.

दुसरी बाजूही सांगतो. सी प्लस प्लसचा कम्पायलर खडूस असला तरी भरवशाचा. क्यूएमएलमध्ये नावाचं एक अक्षर चुकलं तरी प्रोग्राम तयार होतो, चालतो, आणि नकाशावर ट्रॅक्टरच नसतात. कन्सोलवर एक ओळ येते, ती बघायची सवय हवी. क्यूएमएललिंट हे तपासणीचं साधन चालवलं की बरंचसं आधीच पकडता येतं. तसंच नकाशाचं केंद्र सी प्लस प्लसमधल्या प्रॉपर्टीला बांधलेलं असेल आणि कुठल्या बटणावर जावास्क्रिप्टने त्याला थेट किंमत दिलीत, तर ते बंधन तुटतं, तेही कसलीच कुरकुर न करता.

आपल्या भागासाठी एक खास सापळा आहे. क्यूटीमध्ये अक्षांश आधी, रेखांश नंतर. जिओजेसन या नकाशाच्या डेटाच्या फाइल-प्रकारात नेमकं उलट. लातूर साधारण १८.४ उत्तर, ७६.६ पूर्व. अदलाबदल झाली तर ७६.६ अक्षांश होतो, आणि तो नव्वदच्या आत असल्यामुळे क्यूटीच्या लेखी तो वैध. तुमचा ऊस मग नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्डच्या दक्षिण टोकाजवळ तुटायला लागतो आणि एररचं नाव नाही. जिओजेसन वाचणाऱ्या फंक्शनमध्ये आकडे मराठवाड्याच्या चौकटीत आहेत का, ही तपासणी घालाच.

चित्राचा टेकू हा तसाच एक प्रकार. मॅपक्विकआयटमचा अँकरपॉइंट सांगितला नाही तर चित्राचा वरचा डावा कोपरा त्या जागेवर बसतो. झूम जवळ असताना फार जाणवत नाही; दूर नेलं की तेवढेच पिक्सेल जमिनीवर कित्येक एकर होतात. पहिल्या चाचणीला आमचा एक चिटबॉय पडद्याकडे बघून म्हणाला, "सर, आमची टोळी तर मांजराच्या पल्याड दिसायलीय की!" टोळी मांजरा नदीच्या अल्याडच होती.

मॉड्यूलची खरी कमजोरी म्हणजे नकाशाचा पुरवठा. पाचव्या आवृत्तीत हिअर, मॅपबॉक्स, एस्री या नकाशा पुरवणाऱ्या कंपन्यांचे प्लगइन सोबत मिळायचे, ६.५ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) तेवढा राहिला, आणि एक रिकाम्या पाटीसारखा, ज्यावर फक्त आपल्या वस्तू दिसतात. ओपनस्ट्रीटमॅपच्या प्लगइनमधले काही नकाशे थंडरफॉरेस्टकडून येतात. त्यांची चावी (एपीआय की) नसेल तर प्रत्येक फरशीवर, म्हणजे नकाशाच्या चौकोनी तुकड्यावर, चावी लागेल अशी सूचना छापून येते. आणि ओपनस्ट्रीटमॅपचा स्वतःचा सर्व्हर देणग्यांवर चालतो, तिथून ढिगाने फरश्या उतरवून ठेवायला त्यांच्या नियमांत मनाई आहे. कारखान्यासारख्या ठिकाणी त्यावर विसंबू नये.

आम्ही ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा विभागवार देणाऱ्या जिओफॅब्रिकवरून भारताच्या पश्चिम विभागाचा डेटा घेतला आणि कारखान्याच्याच लॅनवर फरश्यांचा सर्व्हर उभा केला. प्लगइनला 'ओएसएम.मॅपिंग.कस्टम.होस्ट' या पॅरामीटरमध्ये त्याचा पत्ता द्यायचा आणि नकाशाच्या प्रकारांतला शेवटचा निवडायचा, की झालं. आता बाहेरचं नेट गेलं तरी नकाशा दिसतो. आणि नेट कधी जातं ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. गटांच्या सीमा त्या डेटात नसतात. त्या चिटबॉयनी बांधावरून चालून मोबाईलवर घेतल्या, मॅपपॉलिगॉनने त्या नोंदीच्या तारखेनुसार रंगवल्या. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असे उसाच्या प्रकारांचे रंग लावल्यावर साहेब पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसले.

वाहनं शे-दीडशे असतील तर काही अडचण नाही. पण प्रत्येक चित्र हा क्यूएमएलचा पूर्ण घटक असतो, आणि जवळचे ठिपके आपोआप एकत्र करायची सोय मॉड्यूलमध्ये नाही. नोंदणीतले सगळे गट एकदम दाखवायचा हट्ट असेल तर दिसणाऱ्या भागापुरतेच मॉडेलमध्ये घाला. ते काम सी प्लस प्लसमध्ये करा, तिथे ते चटकन होतं.

पैशाचं म्हणाल तर एलजीपीएल लायसनखाली फुकट वापरता येतं, अटी पाळल्या तर. ज्याच्याकडे आधीच क्यूटीचा चालता प्रोग्राम आहे त्याने बिनधास्त घ्यावं, माझ्याकडून पाचात चार. नव्याने सुरुवात करणाऱ्याला, आणि ज्याला फक्त ब्राउझरमध्येच नकाशा हवा आहे त्याला, मी हे सुचवणार नाही. व्हेक्टर फरश्यांची हौस असेल तर मॅपलिब्रेचा क्यूटीसाठीचा प्लगइन वेगळा मिळतो, तो बघा.

कोपऱ्यातलं ओपनस्ट्रीटमॅपचं नाव काढून तिथे कारखान्याचं बोधचिन्ह टाका, अशी मागणी आलीच. एका प्रॉपर्टीने ते नाव लपवता येतं, हे साहेबांच्या पुतण्याने शोधूनही काढलं होतं. पण डेटाच्या लायसनमध्ये श्रेय देणं बंधनकारक आहे. बोधचिन्ह वरच्या पट्टीत बसवून दिलं.