अंगठा मागं वळलाय, एक्सरे करू, सोनोग्राफी का डायरेक्ट एमआरआय?

आमच्या पेठेत दर सीझनला एक तरी गोलकीपर अंगठा धरून बसलेला असतोच, यंदा माझा नंबर लागला. बॉल अडवताना अंगठा बाहेरच्या बाजूला उलटा गेला, दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली फिरवता येईना. तालमीतल्या एकानं सांगितलं ये, ओढून बसवतो. अजिबात नको भावा, फाटलेला लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) ओढून जुळत नाही, उलट आणखी वाट लागते.

आधी एक्सरे, यात काही चॉईस नाही. काही शेकड्यांत होतो, पाच मिनिटं लागतात, आणि लिगामेंटनं हाडाची कपची उपटून काढलीय का ते कळतं. लिगामेंट स्वतः मात्र त्यात दिसत नाही, म्हणून 'एक्सरे नॉर्मल हाय' म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, मी समजलो आणि चार दिवस घालवले. कपची नसेल तर डॉक्टर अंगठा हळू बाहेर ढकलून बघतात. बुडातला सांधा ३० ते ३५ डिग्रीच्या वर उघडला, किंवा चांगल्या अंगठ्यापेक्षा १५ डिग्री जास्त, तर पूर्ण फाटल्याचा संशय. सुजेत आणि दुखण्यात हे नीट करू देववत नाही हा भाग वेगळा.

आता खरा प्रश्न. पूर्ण फाटलेला लिगामेंट कधी कधी शेजारच्या स्नायूच्या पातळ पडद्याच्या वर जाऊन गुंडाळी होऊन बसतो, पडदा मध्ये आडवा आल्यामुळं तो परत जाग्यावर येतच नाही. १९६२ मध्ये स्टेनर नावाच्या स्वीडिश सर्जननं हे दाखवून दिलं म्हणून त्याला स्टेनर लिजन म्हणतात. अर्धवट फाटलेला बहुतेक वेळा चार ते सहा आठवड्यांच्या स्प्लिंटमध्ये (अंगठा हलू न देणारा आधार) भरून येतो, स्टेनर असेल तर ऑपरेशन, आणि तेही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केलेलं बरं. म्हणजे पैसे टाकायचे ते एवढ्या एका उत्तरासाठी.

सोनोग्राफी स्वस्त, लगेच होते, आणि तिची खरी मजा म्हणजे हालचाल दिसते. माझ्या वेळी मॅडमनी गार जेल लावून अंगठ्याचं फक्त टोक वाकवलं, स्क्रीनवर तो पडदा सरकताना दिसला आणि लिगामेंट त्याच्या खालीच होता, जीव भांड्यात पडला. पण हे सगळं बघणाऱ्याच्या हातावर आहे. 'इथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा बोर्ड लावलेल्या सेंटरला दिवसभर पोटंच बघतात, अंगठा वर्षात एखादा येत असेल. फोन करून सरळ विचारा, सांध्यांची आणि लिगामेंटची सोनोग्राफी रेग्युलर करता का, आणि छोटा वरवरचं बघायचा प्रोब आहे का.

एमआरआयला काही हजार जातात, वीस-तीस मिनिटं पालथं झोपून हात डोक्याच्या पुढं ताणून धरावा लागतो, अंगठा राहिला बाजूला खांदाच भरून येतो. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. पण चित्र जाग्यावर राहतं, दुसऱ्या सर्जनला दाखवता येतं, हाडाच्या आतली सूज पण दिसते. चिठ्ठीवर 'अंगठ्याचा बुडातला सांधा, यूसीएल, स्टेनर आहे का' असं लिहून घ्या (यूसीएल म्हणजे त्या सांध्याच्या आतल्या बाजूचा हाच लिगामेंट), कारण माझ्या मित्राचा एका ठिकाणी अख्ख्या हाताचा एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये नुसतं 'सूज आहे' आणि पैसे गेले ते गेलेच.

माझं मत विचाराल तर एक्सरेनंतर हात बसलेला सोनोलॉजिस्ट मिळत असेल तर तिथंच जा. नसेल मिळत, किंवा रिपोर्टात 'कदाचित' असेल, किंवा ऑपरेशनचा विषय निघालाच असेल तर मग एमआरआय. सीटी या कामाला सहसा लागत नाही, कपचीचे बारीक तुकडे मोजायचे असले तरच. आणि हे सगळं होईपर्यंत अंगठा पट्ट्यात, गाडी दुसऱ्याला चालवू द्या.