बॉस्टन चिल्ड्रन्स म्युझियम: तीन वर्षांखालच्या मुलीसोबत वर्षभराच्या सभासदत्वाचा अनुभव

आमची मुलगी सव्वा वर्षाची असताना आम्ही बॉस्टन चिल्ड्रन्स म्युझियमचे वार्षिक सभासदत्व घेतले आणि ते संपत आल्यावर नुकतेच त्याचे नूतनीकरणही केले. या काळात ओळखीतल्या अनेक मराठी पालकांनी मला विचारले की, ज्या मुलाला अजून नीट बोलता येत नाही त्याला संग्रहालयातले काय कळणार, आणि घरी खेळणी असताना त्यासाठी पैसे मोडावेत का. माझे उत्तर असे आहे की, सभासदत्व जरूर घ्यावे. मात्र अख्खे म्युझियम एका फेरीत पाहून घ्यायचा विचार असेल तर घेऊ नये. या वयाच्या मुलाला एका वेळी एकच कोपरा पुरतो, तोच कोपरा पुन्हापुन्हा हवा असतो, आणि त्याचे शिकणे त्या पुनरावृत्तीतच चाललेले असते. वर्षभर मी जे पाहिले, त्याचा सारा भर या एका गोष्टीवर आहे.

जे बॉस्टनला राहत नाहीत त्यांच्यासाठी जागेची थोडी ओळख करून देते. फोर्ट पॉइंट कालव्याच्या काठी, एके काळी लोकरीचे गोदाम असलेल्या विटांच्या इमारतीत हे म्युझियम १९७९पासून आहे. दारासमोर दुधाच्या बाटलीच्या आकाराची चाळीस फूट उंचीची टपरी उभी आहे, त्यामुळे पत्ता विचारावा लागत नाही. संस्था मात्र पुष्कळ जुनी, १९१३ सालची. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचे मुलांचे संग्रहालय १८९९ साली सुरू झाले, ते जगातले पहिले मानले जाते. त्यानंतरच्या सर्वांत जुन्या संस्थांत बॉस्टनची गणना होते. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी ती उभी केली. तरी आज जे हाताळण्याचे स्वातंत्र्य तिथे आहे, ते बरेचसे १९६२ साली संचालक झालेल्या मायकेल स्पॉक यांच्यामुळे आले. बालसंगोपनावरील लेखनामुळे घरोघरी पोचलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे ते चिरंजीव. त्यांना स्वतःला लहानपणी वाचनाची अडचण होती, आणि पुस्तकाबाहेरूनही शिकता येते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू मधोमध कापून त्यांच्या आत काय असते हे मुलांना दाखवणारे प्रदर्शन मांडले आणि वस्तू काचेच्या कपाटातून बाहेर काढल्या. ‘वस्तूंना हात लावू नये’ अशा पाट्या वाचत लहानाचे मोठे झालेल्या माझ्यासारखीला हा बदल किती मोठा होता, हे वेगळे सांगायला नको.

आमचा बहुतेक वेळ ज्या दालनात गेला त्याचे नाव प्लेस्पेस. जन्मल्यापासून तीन वर्षांपर्यंतची मुले आणि त्यांना सांभाळणारी मोठी माणसे, एवढ्यांसाठीच ते आहे. जेरी रॉबिन्सन या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते उभे केले. पुढे त्या बॉस्टन शहराच्या शाळा समितीच्या अध्यक्षही झाल्या. इतक्या लहान मुलांसाठी संग्रहालयाने स्वतंत्र जागा राखणे तेव्हा अगदी नवे होते. आत रांगत्या बाळांसाठी वेगळा, मऊ बिछायतीचा भाग आहे, चढण्या-उतरण्यासाठी झाडावरच्या घरासारखी रचना आहे, आगगाडीचे टेबल आहे आणि रंगवण्यासाठी आरपार दिसणारी एक भिंत आहे. मोठी मुले इथे नसतात, ही या दालनाची सर्वांत मोठी सोय. नुकते चालू लागलेले मूल इथे कोणाच्या धक्क्याने आडवे होत नाही, आणि आईला सारखे त्याच्या मागे वाकून धावावे लागत नाही.

रंगाच्या त्या भिंतीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पहिल्या भेटीत मला ती विशेष वाटली नव्हती. माझी आई सांगलीहून आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा ती भिंतीच्या पलीकडे उभी राहिली आणि नात अलीकडे. मुलीने कुंचल्याने निळा रंग घेतला आणि बरोबर आजीच्या नाकावर फासला. आजीचे नाक मात्र कोरडे. तिने पुन्हा फासला. आजी दोन पावले बाजूला सरकली तेव्हा निळा डाग होता तिथेच राहिला आणि आजी स्वच्छ चेहऱ्याने दुसरीकडून हसू लागली. मुलगी कुंचला तसाच हातात धरून भिंतीच्या कडेपर्यंत गेली, पलीकडे डोकावली, आजीचा गाल बोटाने चाचपला, परत आली आणि या वेळी रंगाकडे पाहत डागावर तळहात ठेवला. दीड वर्षाचे मूल असा प्रश्न शब्दांत विचारू शकत नाही. पायांनी आणि तळहाताने त्याने तो विचारला आणि त्याच रीतीने त्याचे उत्तर मिळवले. घरच्या कागदावर रंगवताना हा प्रश्न उद्भवलाच नसता. म्युझियमची मांडणी जेव्हा चांगली असते तेव्हा ती अशी असते. ती शिकवत काहीच नाही, मुलाला कोडे पडेल अशी परिस्थिती फक्त निर्माण करते.

दुसरे ठिकाण रेसवेज, म्हणजे उतरत्या पट्ट्यांवरून गोल्फचे चेंडू सोडण्याची जागा. ती मोठ्या मुलांना नजरेसमोर ठेवून केलेली आहे. उतार, वेग, घर्षण यांचा अंदाज यावा हा तिचा हेतू. आमच्या मुलीने पहिल्या महिन्यांत चेंडू कुठे जातो हे पाहिलेसुद्धा नाही. तिला फक्त तो हातातून सोडायचा होता. सोडला की ती लगेच दुसरा घेई, आणि पहिला खाली पोचून आवाज होई तेव्हा तिचे लक्ष भलतीकडे असे. काही आठवड्यांनी ती आवाजाची वाट पाहू लागली. मग पट्टीच्या शेवटाशी हात धरून उभी राहू लागली. मात्र तिथे उभे राहिले की वरून चेंडू सोडणारे कोणी नसते, हे तिला उमगायला आणखी बराच काळ गेला. त्यानंतर ती माझा हात धरून मला वरच्या टोकाशी उभे करू लागली आणि स्वतः खाली जाऊन ‘सोड’ म्हणू लागली. आता दोन वर्षांची झाल्यावर ती चेंडू अडेल अशा ठिकाणी मुद्दाम बोट ठेवते आणि तो अडला की माझ्याकडे पाहते. सोडणे, वाट पाहणे, अंदाज बांधणे, दुसऱ्याची मदत मागणे आणि शेवटी स्वतःच अडथळा घालून पाहणे, हा एवढा प्रवास एका पट्टीवर झाला. एखाददुसऱ्या भेटीत त्यातला एकच टप्पा दिसला असता आणि मुलाला इथे काही कळत नाही, असा निष्कर्ष कोणीही काढला असता.

इथे सुरक्षिततेची एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी चेंडूचा व्यास निदान पावणेदोन इंच, म्हणजे ४४ मिलिमीटरहून थोडा अधिक असावा लागतो, कारण त्याहून लहान चेंडू घशात अडकू शकतो. गोल्फचा चेंडू ४३ मिलिमीटरहूनही किंचित कमी भरतो. रेसवेज तीन वर्षांखालच्या मुलांसाठी केलेले नाही, त्यामुळे त्यात काही गैर नाही. परंतु सगळे तोंडात घालायच्या वयाचे मूल तिथे नेणाऱ्याने हाताच्या अंतरावरच असावे आणि फोन पिशवीत ठेवावा.

पाण्याच्या खेळाविषयी माझे मत फार अनुकूल आहे. टेबलाभोवती उभे राहून भांड्यातून भांड्यात पाणी ओतणे, वाहत्या पाण्याला तळहात आडवा लावणे, तरंगणारी वस्तू दाबून धरणे आणि सोडल्यावर ती उसळून वर येते हे पाहणे, यात मुलगी इतकी गढून जाई की शेजारच्या मुलाने भांडे ओढले तरी तिला पत्ता लागत नसे. बदलायचे कपडे दोन जोड न्यावेत, कारण मिळणारे ॲप्रन बाह्या कोरड्या ठेवू शकत नाहीत. हे सगळे पाहताना मला अनेकदा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण झाली. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे काम केले, त्यात महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांनीच मुलांचे हात कामाला लावले होते, आणि मुले शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली होती. बॉस्टनच्या म्युझियममध्ये पैसा आणि जागा विपुल आहे, परंतु मुळातला विचार तोच आहे, आणि त्यातले पुष्कळसे आपण घरच्या न्हाणीघरात परात, तांब्या आणि गाळणी घेऊन करू शकतो. सभासदत्व परवडत नसेल तर एवढ्यासाठी हळहळण्याचे कारण नाही.

इमारतीत एक जपानी घरही आहे. क्योटो आणि बॉस्टन ही १९५९पासून भगिनीशहरे आहेत. क्योटोने तिथल्या एका रेशीम व्यापाऱ्याचे दुमजली घर बॉस्टनला भेट दिले, आणि ते सुटे करून इथे आणून जपानी सुतारांनी पुन्हा उभारले. आत जाण्यापूर्वी चपला-बूट काढावे लागतात. आमच्या मुलीने ते न सांगता काढले, आणि चटईवर बसल्याबरोबर मांडी घातली. ज्या इमारतीत एरवी सगळे धावत असते, ओतत असते, आदळत असते, तिथे खऱ्या जुन्या लाकडाला हळुवार हात लावायचा असतो हे समजायला हे घर फार उपयोगी पडले. अगदी लहान मुलांना अस्सल वस्तूंपासून दूर ठेवावे असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही.

मोठ्या माणसाने तिथे करायचे काय, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दालनातले कर्मचारी साधने मांडतात, आवरतात, अधूनमधून एखादा खेळ सुचवतात. मुलाला शिकवणे हे त्यांचे काम नाही. ते आपल्यावर असते, आणि तेही बरेचसे गप्प राहून. मी पाहिले की, मूल चेंडू हातात फिरवून पाहत असतानाच अनेक पालक ‘इकडे टाक, असा टाक’ म्हणून त्याचा हात धरतात, आणि मूल तिथून निघून जाते. जमिनीवर उकिडवे बसून थोडा वेळ नुसते पाहिले, मग मूल जे करते आहे तेच शेजारी बसून आपण केले, आणि मुलाने आपल्याकडे पाहिले तरच एखादे वाक्य बोलले, तर खेळ कितीतरी लांबतो. बोलायचे ते आम्ही मराठीतच बोललो. घरातल्या आमच्या बोलण्यात वस्तूंची नावे भरपूर होती. पण घरंगळला, अडकला, सांडले, बुडाले, निसटले, फुटला हे शब्द तिला साबणाच्या फुग्यांपाशी आणि पाण्याच्या टेबलापाशी मिळाले, कारण ती गोष्ट त्याच क्षणी तिच्या हातात घडत होती. परदेशात मराठी टिकवण्याची चिंता करणाऱ्या आईवडिलांना मी आवर्जून सांगेन की, मुलाच्या हाताशी काही घडत असतानाचे बोलणे लवकर रुजते.

आता न जमणाऱ्या गोष्टी. तीन मजली उंचीची चढायची जी रचना मोठ्या मुलांना वेड लावते, ती दोन वर्षांच्या मुलासाठी नाही. मूल मध्येच अडून बसले तर मोठ्या माणसाला तिथपर्यंत पोचणे अवघड. शाळांना सुट्टी असते तेव्हा आणि पावसाच्या किंवा बर्फाच्या शनिवारी अशा कोणत्याही ठिकाणी जी गर्दी आणि जो कलकलाट असतो, त्यात तान्ह्यांनी जाऊ नये. आम्ही आठवड्यातल्या सकाळी किंवा दुपारच्या झोपेनंतर जात असू. सर्दी-खोकला एकत्र खेळणाऱ्या मुलांत फिरणारच. हात धुण्याची सवय लावावी आणि मूल आजारी असेल तर आपण घरी राहावे. तासाभरात मूल थकते. ते कुरकुरू लागण्याआधीच निघावे, म्हणजे पुढच्या वेळी ते आनंदाने येते. ‘एवढे तिकीट काढले आहे तर अजून थोडे थांबू’ हा विचार सभासदत्वामुळे मनात येत नाही, आणि माझ्या दृष्टीने त्याची खरी किंमत इथेच वसूल होते.

खर्चाबाबत. जे अधूनमधूनच जाणार असतील त्यांनी आधी आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. मॅसॅच्युसेट्समधली अनेक वाचनालये म्युझियमचे सवलतीचे पास सभासदांना देतात. सरकारी अन्नसाहाय्याचे कार्ड असलेल्या कुटुंबांना प्रवेश नाममात्र दरात मिळतो. मुलांच्या संग्रहालयांच्या संघटनेची परस्पर सवलत ज्या सभासदत्वात समाविष्ट असते, ते घेतल्यास दुसऱ्या शहरांतल्या सहभागी संग्रहालयांत प्रवेश निम्म्या दरात मिळतो, म्हणून नातेवाइकांकडे प्रवास होणार असेल तर तोच प्रकार घ्यावा. स्वतःची गाडी नेण्यापेक्षा रेड लाइन या भुयारी रेल्वेने साउथ स्टेशनला उतरून चालत जाणे सोयीचे आणि स्वस्त. स्ट्रोलर असला तरी अंतर दहा-बारा मिनिटांहून जास्त नाही. भारतातून येणारे आजी-आजोबा घरी असतील तर सभासदत्व घेताना सोबतच्या मोठ्या माणसांची नावे कोणत्या प्रकारात बदलता येतात हे खिडकीवर विचारून घ्यावे. आमच्या मुलीला प्लेस्पेसचे दालन आता आणखी काही महिनेच मिळणार आहे. नूतनीकरण करताना आम्ही त्याचाही विचार केला, आणि रेसवेज, पाणी व साबणाचे फुगे एवढ्यावर पुढचे वर्ष सहज निघेल असे ठरवून पैसे भरले.