पुस्तकांवरच्या गप्पा: पिव्हो की ओप्रा?

कडोली, येळ्ळूर, उचगाव... आपल्या सीमाभागात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते. पण पुस्तकावर बोलायचं म्हटलं की भाषणंच होतात. म्हणून टीव्हीवरचे दोन गाजलेले नमुने शेजारी ठेवून बघूया.

फ्रान्समध्ये बेर्नार पिव्हो यांचा ‘अपोस्त्रॉफ’ हा कार्यक्रम १९७५ ते १९९० या काळात शुक्रवारी रात्री थेट प्रक्षेपित व्हायचा. चार-पाच लेखक समोरासमोर बसायचे. पिव्होंनी त्यांची पुस्तकं आधीच वाचलेली असायची, हातातल्या प्रतींत खुणेच्या चिठ्ठ्या असायच्या. पाहुण्यांनीही एकमेकांची पुस्तकं वाचून यावं, ही त्यांची अपेक्षा. मग वाद रंगायचा आणि शनिवारी लोक पुस्तकांच्या दुकानात जायचे.

अमेरिकेत ओप्रा विन्फ्रे यांनी १९९६ साली बुक क्लब सुरू केला. पुस्तक एकच, ते आधी जाहीर करायचं, प्रेक्षकांना वाचायला वेळ द्यायचा, मग लेखकाबरोबर साध्या वाचकांना बोलवायचं. निवडलेल्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपायच्या.

ओप्रांची पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिथे वाचक बोलतो. आपल्याकडे महिला मंडळात ती छान जमेल. अडचण प्रतींची. गावच्या वाचनालयात एका पुस्तकाची एखादीच प्रत असते. ती महिनाभरात किती घरं फिरणार?

संमेलनाच्या मांडवात मात्र मी पिव्होंचीच पद्धत घेईन. त्यासाठी सगळी पुस्तकं खरोखर वाचलेला एक सूत्रसंचालक हवा, आणि असे वाचनवेडे शिक्षक आपल्या गावांत नक्की आहेत. हारतुरे आवरते घेऊन त्यांना तासभर द्या.