एक मोसम वापरून झाल्यावर: १९२९ ची मॉडेल ए रोडस्टर, फ्लॅटहेड व्ही-८ सह

ही हॉट रॉड आहे, म्हणजे जुन्या हलक्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन बसवून बांधलेली गाडी. आधी तिच्यात काय काय आहे ते सांगून टाकतो. १९२९ च्या फोर्ड मॉडेल ए ची रोडस्टर बॉडी, नव्या पत्र्याची, ओहायोतल्या ब्रूकव्हिलने बनवलेली. चेसिस मूळ मॉडेल ए ची, आतून पट्ट्या मारून बॉक्स केलेली. व्हीलबेस मूळचाच, १०३.५ इंच. इंजिन १९४९ ते ५३ या काळातलं ८-बीए फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असलेलं फोर्डचं व्ही-८), २३९ घन इंची, वर ॲल्युमिनियमची हेड आणि दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर. गिअरबॉक्स १९३९ चा, तीन गिअरचा. मागे १९४० चं बँजो एक्सल, ३.७८ रेशो, टॉर्क ट्यूबसकट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा शाफ्ट आत घेणारी नळी). पुढे चार इंच ड्रॉप दिलेला (गाडी तेवढी खाली बसवणारा) आय-बीम एक्सल, मधून चिरून चेसिसच्या दोन बाजूंना बांधलेला विशबोन (एक्सलला जागेवर धरणारा व्ही आकाराचा दांडा) आणि फोर्डच्या एफ-१ पिकअपचा स्टिअरिंग बॉक्स. टायर पुढे ६.००-१६, मागे ७.५०-१६, बायस प्लाय (रेडियलच्या आधीच्या जुन्या धाटणीचे). बॉनेट नाही.

हा साचा जुनाच आहे. कॅलिफोर्नियात कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या पोरांनी १९३७ मध्ये एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना काढली, तेव्हापासून मॉडेल ए च्या हलक्या बॉडीत व्ही-८ बसवणं चालूच आहे.

घरच्या गॅरेजात बांधलेली ही गाडी उन्हाळाभर चालवल्यावर ठाम सांगता येतं, की फोर्डचा जुना सुटा भाग सहसा दगा देत नाही. दगा देतो दोन वेगवेगळ्या सालांच्या भागांमधला सांधा. १९५० चं इंजिन, १९३६ चा कार्ब्युरेटर, ३९ चा बॉक्स आणि खाली २९ ची चेसिस ही मोट बांधताना बोल्ट बसला म्हणून काम झालं असं समजू नये.

सगळ्यात महागात पडणारा सांधा इंजिनावरच आहे. फ्लॅटहेडचं नाव काढलं की "तापतं हो ते" हे ऐकायला मिळतंच. त्यात तथ्य आहे. एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधून, पाण्याच्या जॅकेटला लागून बाहेर पडते आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच तोंड असतं, त्यामुळे पाण्यात उष्णता जास्त उतरते. पण ब्लॉक आतून साफ असेल आणि रेडिएटर धड असेल, तर हायवेला काटा १८० फॅरनहाइटच्या आसपास बसतो. तरीही चढत असेल तर रेडिएटरला हात लावण्याआधी डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरना ठिणगी वाटणारा भाग) बघा.

८-बीए चा मूळ डिस्ट्रिब्युटर फक्त व्हॅक्यूमवर चालतो. त्यात फिरत्या वजनांचा ॲडव्हान्स (आरपीएम वाढले की ठिणगी लवकर पाडायची सोय) नाहीच. व्हॅक्यूमचा इशारा त्याला होली ९४ कार्ब्युरेटरमधल्या खास छिद्रातून मिळतो. स्ट्रॉमबर्ग ९७ ला ते छिद्र नाही. म्हणजे दोन ९७ लावले आणि डिस्ट्रिब्युटर मूळचाच ठेवला, तर आरपीएम कितीही वाढवा, ठिणगी सुरुवातीच्या दोन-चार डिग्रीवरच अडकून बसते. गाडी झटक्यात सुरू होते, आयडलिंगही गोड असतं, त्यामुळे संशय येत नाही. मग चढावर दम लागतो, संध्याकाळच्या अंधारात एक्झॉस्टचे पाइप लालसर दिसतात, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये तापण्याऐवजी हायवेला तापते. ही शेवटची खूण हमखास. गर्दीत हळू जाताना तापली तर पंखा आणि हवा बघायची. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापली तर आधी टायमिंग, मग ब्लॉकमधला गाळ.

तपासणी सोपी आहे. टायमिंग लाइट क्रँक पुलीवर मारा आणि कुणाला तरी इंजिन २००० आरपीएमपर्यंत न्यायला सांगा. खूण जागची हलली नाही की रोग सापडला. पुष्कळ लोक या टप्प्यावर मोठा रेडिएटर, इलेक्ट्रिक पंखा, वेगळे थर्मोस्टॅट असा खर्च करत सुटतात. रोग रेड्याला, औषध पखालीला! सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या वजनांच्या ॲडव्हान्सचा डिस्ट्रिब्युटर बसवा आणि एकूण ॲडव्हान्स २२ ते २४ डिग्रीवर थांबवा. नंतरच्या काळातल्या व्ही-८ ला चालतात तसले ३४-३६ डिग्री इथे देऊ नका. फ्लॅटहेडला ते झेपत नाहीत. एकच होली ९४ ठेवणार असाल, तर मूळ डिस्ट्रिब्युटर उत्तम काम देतो, उगाच बदलू नका.

ब्लॉक विकत घेताना व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जाणारी चीर आणि हेडच्या बोल्टच्या छिद्रांभोवतीच्या चिरा मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने चीर शोधायची तपासणी) करून बघाच. पाण्याच्या वाटेत ओतकामाच्या वेळची वाळू आणि तारांचे तुकडे सत्तर वर्षं तसेच पडून असतात. नुसत्या फ्लशिंगने ते निघत नाहीत, वॉटर पंप काढून वाकड्या तारेने खरवडावे लागतात. हेडच्या बोल्टची छिद्रं थेट पाण्यात उघडतात, म्हणून आट्यांना सीलंट हवंच. नाहीतर पाणी आट्यांमधून वर झिरपतं आणि हेडवर पांढरट डाग दिसायला लागतात. ॲल्युमिनियम हेड पूर्ण थंड झाल्यावरच, मधून बाहेरच्या दिशेने पुन्हा कसायची, निदान पहिल्या काही तापण्या-निवण्यांनंतर.

आता पेट्रोल. स्ट्रॉमबर्गला अडीच पीएसआयच्या वर दाब सोसत नाही. आजचे इलेक्ट्रिक पंप सर्रास चार ते सात पीएसआय देतात. तेवढ्या दाबाने फ्लोटची सुई सीटवरून उचलली जाते, पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये ओघळतं, तिथून सिलिंडरच्या भिंती धुऊन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑइल त्याच दिवशी बदला, बेअरिंगची वाट लागायच्या आत. गोल चकती फिरवायचे स्वस्त रेग्युलेटर तीन पीएसआयच्या खाली भरवशाचे नाहीत. पुढे छोटा गेज लावून खरा आकडा बघा. फ्लोटची पातळी कास्टिंगच्या वरच्या कडेपासून १५/३२ इंच खाली. मेन जेट ०.०४५ चे मूळ, सपाटीवर तेच बरे चालतात. दोन्ही कार्ब्युरेटर हवेच्या मीटरने सारखे करा आणि मगच चारही आयडल स्क्रू एकेक करून लावा. कानाने केलेलं सिंक्रोनायझिंग आठवडाभर टिकतं.

दहा टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल लवकर उकळतं. गरम गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी राहिली की ती पुन्हा सुरू करताना पॅडल पूर्ण दाबून धरावं लागतं. कार्ब्युरेटरखाली फिनॉलिकचा जाड स्पेसर घातल्यावर हा ताप बराच कमी होतो, पूर्ण जात नाही.

पुढचं एक्सल हा या गाडीतला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. लोक सगळ्यात जास्त घाईही तिथेच करतात. विशबोन चिरून त्याची मागची टोकं चेसिसला बांधली, की ती मूळच्या जागेपेक्षा वर जातात. टोक वर गेलं की एक्सल पुढे कलतं आणि कॅस्टर (चाक ज्या किंगपिनवर वळतं त्या पिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. हिशेब सोपा: ३६ इंच लांबीवर टोक सव्वा इंच वर गेलं तर दोन डिग्री कॅस्टर गेला. सहा-सात डिग्री हवा असताना चार उरला, तर ४०-४५ मैलांच्या वेगात रस्त्यातला एखादा सांधा लागताच पुढची चाकं थडथडायला लागतात आणि ब्रेक मारून गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थांबत नाहीत. अशा वेळी स्टिअरिंग डॅम्पर लावणं म्हणजे दुखणं झाकणं. क्रमाने बघा: कॅस्टर, टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या) १/१६ ते १/८ इंच, किंगपिनची ढिलाई, ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) सांधे, चाकांचं बॅलन्सिंग. ब्रॅकेटला पक्कं वेल्डिंग करण्याआधी नुसते टाके मारून गाडी पूर्ण वजनानिशी चाकांवर उभी करा आणि कॅस्टर मोजा. इंजिन नसलेल्या चेसिसवर मोजलेला आकडा कामाचा नाही.

चिरलेल्या विशबोनमुळे एक बाजू वर गेली की एक्सलला पीळ बसतो. आय-बीम तो पीळ खातो. नळीचं एक्सल पिळलं जात नाही, मग ताण ब्रॅकेटवर जातो आणि वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर दिसू लागते. म्हणून चिरलेल्या विशबोनला आय-बीमच. मागच्या टोकाला ११/१६-१८ आट्यांचे टाय रॉड एंड लावले आहेत, कॅसल नट आणि कॉटर पिनसह. अजून तरी ढिले नाहीत.

एफ-१ च्या बॉक्समुळे ड्रॅग लिंक चेसिसच्या बाजूने पुढे-मागे चालते, विशबोनला जवळपास समांतर. त्यामुळे पॅनहार्ड रॉड (एक्सल बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) लागला नाही. शेव्हरोले व्हेगाचा बॉक्स लावून आडवी लिंक दिलीत, तर मात्र पॅनहार्ड हवाच. नाहीतर स्टिअरिंग वळवल्यावर चाकं वळण्याआधी आडव्या पाट्याच्या शॅकलवर (पाट्याची टोकं धरणाऱ्या लोंबत्या पट्ट्यांवर) अख्खं एक्सल बाजूला सरकतं. पाट्यांची संख्या कमी करताना शॅकल ४५ डिग्रीच्या आसपास राहतील असं बघा. उभे लोंबले तर स्प्रिंग कामच करत नाही, गाडी दगडासारखी आदळते.

ब्रेकबद्दल मत सरळ आहे. १९४० चे फोर्डचे ब्रेक दिसायला अस्सल, पण प्रत्येक शूला वेगळा अँकर, त्यामुळे स्वतःहून जोर वाढत नाही आणि पाय दुखतो. शू ड्रमच्या गोलाईला घासून घेतले आणि खालचे एक्सेंट्रिक नीट लावले, तर गावात ठीक. हायवेला जाणार असाल, तर एफ-१ पिकअपचे ११ इंची बेंडिक्स पद्धतीचे (स्वतःहून जोर वाढवणारे) ब्रेक पुढे लावा, फरक पहिल्याच सिग्नलला कळतो. लिंकनचे १२ इंची त्याहून सरस, पण मिळणं आणि परवडणं दोन्ही कठीण. मास्टर सिलिंडर दोन सर्किटचाच घ्या. इथे परंपरेचा हट्ट धरू नका. तो फरशीखाली, चाकांच्या सिलिंडरपेक्षा खाली बसतो, म्हणून ड्रमसाठी १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब राखणारा) लागतो. मास्टरमध्ये तो आधीच असेल तर दुसरा लावू नका. पॅडलला पाव इंच तरी मोकळी चाल ठेवा. ती नसेल तर फ्लुइड परत जायचं छिद्र उघडत नाही, ब्रेक हळूहळू तापून आवळत जातात, आणि गाडी थंड झाली की सगळं पुन्हा ठीक दिसतं. यात लोकांचे आठवडेच्या आठवडे जातात.

मागच्या एक्सलवर दोन गोष्टी. हब टेपरवर बसतो. टेपर कोरडा हवा, ग्रीस नाही, ऑइल नाही. हब आणि शाफ्ट व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने एकमेकांवर घासून पूर्ण टेकतात ना ते बघा, नट २०० फूट-पौंडाच्या घरात कसा, आणि पन्नासेक मैलांनी पुन्हा कसा. ढिला राहिला तर हब आणि शाफ्ट जोडणारी किल्ली (की) कापली जाते किंवा टेपरच तडकतो. दुसरं, टॉर्क ट्यूब. १९४० ची गाडी लांब होती, त्यामुळे ट्यूब आणि आतला शाफ्ट दोन्ही कापून लहान करावे लागतात. ट्यूबमधलं सील जाऊ द्याल, तर गिअरबॉक्सचं ऑइल ट्यूबमधून मागे उतरतं, डिफरन्शियल काठोकाठ भरतं आणि तिथून ब्रेकच्या लायनरवर येतं. बॉक्सची पातळी घटतेय आणि मागची वाढतेय असं दिसलं की दुसरीकडे गळती शोधू नका. टॉर्क ट्यूब ठेवायची असेल तर मागचे रेडियस रॉड चिरायचे नाहीत. त्यांचा आणि ट्यूबचा फिरण्याचा मध्य एकच हवा.

३.७८ आणि साडेएकतीस इंची टायरवर ६० मैलांना साधारण २४०० आरपीएम पडतात. ते इंजिनाला सुखाचं आहे. ३९ च्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) नाही, थांबूनच टाका. बॉक्सचं ऑइल जीएल-४ प्रतीचं घ्या; जीएल-५ सिंक्रोच्या पितळी रिंगांना बाधतं.

वायरिंगमध्ये सांगण्यासारखं थोडंच. सहाचं बारा व्होल्ट केलं, स्टार्टर सहाचाच ठेवला, थोडक्या क्रँकिंगला चालतो. जुने गेज मात्र व्होल्टेज उतरवल्याशिवाय जळतात.

बॉडीचं म्हणाल तर रोडस्टरला छप्पर नाही, म्हणून दरवाजाची फट चेसिसवरच्या शिमांवर (बॉडीखालच्या पातळ चकत्यांवर) ठरते. इंजिन-बॉक्स बसवून, गाडी चाकांवर उभी करूनच शिम घाला, मगच पेंट. बायस प्लाय टायर रात्रभर उभ्या गाडीखाली चपटे होतात, दोन-तीन मैलांत गोल होतात. खाचा पाडलेल्या काँक्रीटवर गाडी भटकते, त्याला इलाज नाही.

कागदपत्रांसाठी: मॉडेल ए चा नंबर चेसिसच्या डाव्या रेलच्या वरच्या बाजूला, बॉडीखाली ठोकलेला असतो. बॉडी बसवण्याआधी फोटो काढून कागदाशी ताडून घ्या. नंतर बॉडी उचलल्याशिवाय तो दिसत नाही. पुण्या-मुंबईत असं काही करायचं मनात असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल तिथे चालत नाही.

हिवाळ्यात करायच्या कामांत पुढचे बेंडिक्स ब्रेक पहिले, टॉर्क ट्यूबचं सील दुसरं. चार इंची स्ट्रोकचा मर्क्युरी क्रँक बाजूला पडून आहे. त्याने इंजिन २५५ घन इंची होईल, पण ब्रेक बदलल्याशिवाय तो घालायचा नाही.